हद्दीपलीकडचा धूर

काल दुपारी मी नलिनीशी फोनवर बोलत होते. तेवढ्यात कालव्यापलीकडे गहू कापणारा कंबाइन सुरू झाला आणि मी रिसीव्हर टेबलावर ठेवून दोरीवरचे कपडे काढायला धावले. निम्मे कपडे काढून झाल्यावर लक्षात आलं, याची आता गरज नाही. कापणीनंतर शेतं जाळणं कायद्याने बंद होऊन काही वर्षं झाली. तरी उरलेले कपडेही काढलेच. सुरू केलेलं काम अर्धं टाकणं मला जमत नाही.

परत येऊन रिसीव्हर उचलला तर नलिनी तिकडे लंडनजवळ पिनरमध्ये शांतपणे थांबलेली होती. आमची पंधरा-वीस वर्षांची मैत्री, तिला सगळं माहीत आहे.

"कंबाइन का?" तिने विचारलं.

"हो."

"मग यंदाच्या पापड्या कशा? गोऱ्या की सावळ्या?"

हा तिचा जुना विनोद. एके काळी मला त्यावर हसू यायचं नाही.

इंग्लंडमध्ये ऑगस्ट हा लोकांचा लाडका महिना. शाळांना सुट्टी, समुद्र, स्ट्रॉबेरी. माझ्यासाठी ऑगस्टला वास आहे. जळक्या गव्हाच्या काडाचा. सुरुवातीला तो बरा वाटतो, कोणीतरी काहीतरी भाजतंय असा. पण थोड्या वेळाने तो तेलकट होतो आणि घशाच्या मागच्या बाजूला चिकटून बसतो. मग तो पडद्यांत सापडतो, केसांत सापडतो, झाकलेल्या लोण्यात सापडतो. आणि त्या वासाबरोबर खाली येतात ते काळे कपटे. धूर वर जातो, पण जळलेल्या काडाचे हे हलके तुकडे तरंगत तरंगत, अगदी आरामात, आपल्या अंगणात उतरतात. झटकायला गेलं की ते उडत नाहीत, फरफटतात. पांढऱ्या उशीच्या अभ्र्यावर बोटाएवढा काळा ओघळ उठतो आणि साबणाने तो आणखी पसरतो. मला अजूनही झुरळापेक्षा त्या कपट्याची किळस जास्त आहे. झुरळाला निदान आपण नको आहोत हे कळतं.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही इथे आलो. माझ्या नवऱ्याला, शिरीषला, जवळच्या हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञाची नोकरी लागली आणि केंब्रिजमध्ये घरं परवडेनात, म्हणून आम्ही तिथून उत्तरेकडे सरकत सरकत या गावात पोचलो. हा प्रदेश म्हणजे फेन्स. पूर्वी सगळी दलदल होती, ती उपसून शेतं केली. जमीन इतकी सपाट की कपड्यांची इस्त्री आठवावी. माती काळीभोर, ओली असताना चकाकणारी. पाणी उपसल्यामुळे ती आकसत आकसत खाली गेली आणि नद्या वरच राहिल्या, बांध घालून धरलेल्या. पहिल्यांदा नदी बघायला गेलो तेव्हा आम्हाला चढण चढावी लागली. केतकी तेव्हा चार वर्षांची होती. ती म्हणाली, "आई, बोट आपल्यापेक्षा वर आहे." मला तेव्हा ते मजेशीर वाटलं होतं.

त्याहून मजेशीर, खरं तर आवडण्यासारखं, वाटलं ते इथलं सरकार. म्हणजे लंडनचं नव्हे, आपल्या दारातलं. पुण्यात एखादं काम करून घ्यायचं तर कोणीतरी ओळखीचं लागायचं. इथे फक्त खातं माहीत असावं लागायचं. मी पहिल्याच महिन्यात सगळी माहिती काढली आणि स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला. कचऱ्याचे डबे आणि घरबांधणीची परवानगी डिस्ट्रिक्टकडे, म्हणजे आपला तालुका. रस्ते, शाळा, लायब्ररी त्यावरच्या काउंटीकडे, म्हणजे जिल्हा. बाक, पाऊलवाटेवरचा दिवा आणि चर्चपाशी असलेला सूचनाफलक पॅरिश कौन्सिलकडे, म्हणजे आपली ग्रामपंचायत समजा. कालवे, पंप, बांध यांच्यासाठी वेगळं ड्रेनेज बोर्ड. कोणाला काय विचारायचं हे मला पाठ होतं. मेडनहेडच्या, पिनरच्या मैत्रिणी त्यांच्या त्यांच्या कौन्सिलच्या तक्रारी घेऊन मला फोन करायच्या आणि मी सांगायचे, हे डिस्ट्रिक्टचं नाही गं, काउंटीला लिही. सगळ्या गोष्टींना एकेक खण आहे आणि प्रत्येक खणाला एक माणूस नेमलेला आहे, यावर माझा विश्वास बसला. असा विश्वास माझ्यासारख्या बाईचा पटकन बसतो.

आमच्या घराच्या मागच्या कुंपणापलीकडे एक अरुंद पाऊलवाट आणि तिच्यापलीकडे कालवा. त्या कालव्याच्या बरोबर मधून हद्द जाते. अलीकडे एक डिस्ट्रिक्ट आणि एक काउंटी, पलीकडे दुसरं डिस्ट्रिक्ट आणि दुसरी काउंटी. नकाशावर तिथे ठिपक्याठिपक्यांची रेघ आहे. प्रत्यक्षात तिथे बदकं असतात. पलीकडचं मोठं शेत मिस्टर हॅरप यांचं. पण ते स्वतः राहायचे अलीकडे, आमच्या गल्लीच्या टोकाच्या विटांच्या घरात, आणि आमच्या पॅरिश कौन्सिलचे ते अध्यक्ष होते. लाल चेहऱ्याचा, भला, हसतमुख माणूस. ख्रिसमसला दारात बटाट्यांची पिशवी ठेवून जायचा. आणि इथला वारा बहुतेक दिवस नैर्ऋत्येकडून येतो. म्हणजे त्या शेतावरून आमच्या घरावर.

आता पापड्यांबद्दल. आपल्याकडे वाळवणं एप्रिल-मेमध्ये घालतात. इथे एप्रिलमध्ये पापडी घातली तर तिच्यावर शेवाळ धरेल. वर्षातले सलग कोरडे, उन्हाचे दिवस मिळालेच तर ते जुलैअखेरीला नाहीतर ऑगस्टमध्ये, म्हणजे नेमके कापणीचे. मी साबुदाणा रात्री भिजवायचे, सकाळी शिजवून मीठ, हिरवी मिरची, जिरं घालून गरम गरम पळीने पांढऱ्या चादरीवर पापड्या घालायचे. वर्षभर पुरतील एवढ्या, शिवाय नलिनीच्या आणि मेडनहेडच्या मंडळींच्या वाटच्या. मागच्या फरसबंद अंगणात, पॅटिओवर, ती चादर पसरलेली असली की आमच्या घराला घर म्हणावंसं वाटायचं. आणि अर्धवट वाळलेल्या पापड्या पळवायला केतकी टपलेली असायची. वरून कडक, आतून चिकट. मीही लहानपणी त्याच खायचे.

पहिल्या वर्षी कपटे पडले तेव्हा जिरं कोणतं आणि काजळी कोणती हे कळेना. दुसऱ्या वर्षापासून मी जिरं घालणं बंद केलं. त्यानंतर चादरीवर जे काळं दिसे ते सगळं हॅरप यांचं. केतकी प्रत्येक पापडी चादरीवरून उचलायची, दोन्ही बाजूंनी बघायची आणि फू करून फुंकर मारायची. मग तोंडात. माझ्यासाठी म्हणून आणलेली पापडीही ती फुंकूनच हातात द्यायची. शेजारच्या मुली केकवरच्या मेणबत्त्या जितक्या सहज फुंकतात तितक्या सहज माझी मुलगी जेवणावरची राख फुंकायची. हे मला फार उशिरा खटकलं.

मी फोन केले. कपाटाच्या दारावरच्या कागदाप्रमाणे, योग्य ठिकाणी, नम्रपणे. आमच्या डिस्ट्रिक्टमधला पर्यावरण आरोग्याचा अधिकारी अतिशय सभ्य होता. त्याने सांगितलं की काड जाळण्याबद्दल आमचे नियम आहेत आणि ते कडक आहेत, शनिवार-रविवारी जाळायचं नाही, कडेने नांगरून पट्टा ठेवायचा, पण ते आमच्या डिस्ट्रिक्टमध्ये पेटवलेल्या काडाला लागू होतात. तुमचं पलीकडे पेटतं. पलीकडच्या डिस्ट्रिक्टमधली बाई त्याच्याहून सभ्य होती. तिने सांगितलं की शेतकऱ्याने इथले सगळे नियम पाळलेले दिसतात आणि आमच्या रहिवाशांपैकी कोणाचीही तक्रार नाही. खरंच होतं. वाऱ्याच्या त्या बाजूला कोणी राहतच नव्हतं. काउंटी म्हणाली, धूर रस्त्यावर आला तर आमचा, बागेत आला तर नाही. ड्रेनेज बोर्डाचा माणूस हसला आणि म्हणाला, मॅडम, आम्ही फक्त ओलं बघतो.

प्रत्येकाने फोनबद्दल आभार मानले. या आभारांचा मला पुढे पुढे इतका वीट आला की मी नोकरी करायचे त्या सर्जरीत, म्हणजे डॉक्टरांच्या दवाखान्यात, रिसेप्शनवर बसल्यावर मी पेशंटना थँक यू म्हणणं कमी केलं. आमच्या प्रॅक्टिस मॅनेजरने त्याबद्दल मला एकदा बाजूला घेऊन सुनावलंही.

केतकी आठ वर्षांची असताना तिच्या छातीत घरघर सुरू झाली. दमा. वर्षभर निळ्या इनहेलरवर भागायचं. त्या ऑगस्टमध्ये एका मंगळवारी दुपारी शेत पेटलं, आणि नेहमीसारखं चार पट्ट्यांत नव्हे तर वाऱ्याने एकदम. आवाज आला तो पावसाच्या सरीसारखा. आकाश पिवळं झालं, मग तपकिरी. मी चादर गोळा करत होते. केतकी बागेतून आत आली, पायरीवर दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून उभी राहिली आणि तिचे खांदे वरखाली व्हायला लागले. इनहेलर दिला. पुन्हा दिला. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, माझी श्वास संपली."

एरवी मी तिचं मराठी लगेच दुरुस्त करते. त्या दिवशी केलं नाही.

गाडीतून हॉस्पिटल म्हणजे बांधावरचा सरळ रस्ता, आणि त्या रस्त्यावर धूर आडवा बसला होता. बॉनेटचं टोक दिसत नव्हतं. मी गाडी मागे घेतली, ॲम्ब्युलन्सला फोन केला, आणि आम्ही दोघी न्हाणीघरात जाऊन बसलो, कारण तिथे एकच छोटी खिडकी होती. दाराखाली ओला टॉवेल, खिडकीच्या फटीत ओला टॉवेल. तो टॉवेल माझ्या डोळ्यांदेखत करडा होत गेला. मी तिला मांडीवर सरळ बसवून धरलं होतं. तिच्या ओठांचा रंग मला आवडत नव्हता. ॲम्ब्युलन्सला लांबच्या वाटेने वळसा घालून यावं लागलं. त्या वेळात मी कालव्यापलीकडच्या माणसाबद्दल जे काही मनात बोलले ते मी कोणालाही सांगितलेलं नाही, शिरीषलाही नाही.

ती वाचली. संध्याकाळी वॉर्डात बसून तिने सँडविच मागितलं, म्हणजे मी ओळखलं. शिरीष ऑपरेशन थिएटरच्या कपड्यांतच खाली धावत आला होता. दिवसभर तो परक्या माणसांचा श्वास सांभाळतो, आणि त्या दुपारी त्याच्या मुलीचा श्वास त्याच्याशिवाय चालला होता, याने तो पार खचलेला दिसला.

"घर विकू या," तो म्हणाला. "सरळ जाऊ या इथून."

"त्याने विकावं," मी म्हटलं.

पुढच्या आठवड्यात गावच्या हॉलमध्ये पॅरिश कौन्सिलची सभा होती. त्या दिवशी चादरीवर राहिलेल्या पापड्या मी टाकल्या नव्हत्या. दोन दिवसांनी त्या तशाच वाळवून घेतल्या होत्या. त्यातल्या चांगल्या दोन मुठी मी स्टीलच्या ताटात मांडल्या. पांढऱ्या, पारदर्शक आणि प्रत्येकीत काळे ठिपके गच्च बसलेले. पुरावा म्हणून यापेक्षा स्वच्छ काय असणार? छायाचित्रात धूर हा ढग दिसतो. पापडी खोटं बोलत नाही.

सभा नेहमीसारखी चालली. बाकाला रंग कोणता, यावर बराच वेळ गेला. कुत्र्यांच्या घाणीबद्दल एक बाई भावुक झाली. गावकऱ्यांनी बोलायची वेळ शेवटी. मी उठले, ताट टेबलाच्या मधोमध ठेवलं आणि बोलायला कागद उलगडला. पण आपल्या देशातली बाई, हातात ताट, ताटात काहीतरी गोल, याचा अर्थ त्या टेबलावर एकच होत होता. मी पहिलं वाक्य म्हणायच्या आत ताट फिरलं. मंडळींनी एकेक उचलली. कच्ची पापडी दाताखाली फुटल्याचे आवाज हॉलभर आले. कोणीतरी म्हणालं, हाऊ काइंड. मिस्टर हॅरप यांनी दुसरी घेतली. मला सांगितलं की आम्ही उभयता दर शुक्रवारी करी खातो.

"छान आहे, मिसेस देव," ते म्हणाले. "जरा कडक आहे, पण छान. हे काळं काय, मसाला का?"

"नाही," मी म्हटलं. "ते तुमचं शेत आहे."

सगळे जबडे थांबले. इंग्लिश माणूस टेबलावर थुंकत नाही. मिस्टर हॅरप यांनी माझ्याकडे बघत बघत गिळलं. मी तेवढ्यात केतकीबद्दल सांगितलं, रस्त्याबद्दल, ॲम्ब्युलन्सबद्दल, न्हाणीघराबद्दल. आवाज चढवला नाही. सांगून झाल्यावर कोणी कोणाकडे बघेना. हॅरप यांनी रुमालाने ओठ टिपले. ते मुलीची चौकशी करतील असं मला वाटलं. बटाटे ठेवून जाणारा माणूस होता तो.

"ते शेत पाण्यापलीकडे आहे, मिसेस देव," ते म्हणाले. "या पॅरिशमध्ये येत नाही."

त्यांनी ते रागाने म्हटलं असतं तर मला चाललं असतं. त्यांनी ते समजुतीने म्हटलं. रांगेत चुकीच्या ठिकाणी उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्या बाईला सांगतात तसं. ती समजूत आठवली की आजही माझ्या तोंडात काजळीची चव येते.

पुढच्या महिन्यात सूचनाफलकावर सभेचा वृत्तांत लागला. माझ्या विषयापुढे लिहिलं होतं, हद्दीबाहेरचा, नोंद घेतली. त्याखाली आणखी एक ओळ होती. मिसेस देव यांनी अल्पोपाहार आणल्याबद्दल कौन्सिल त्यांचं आभारी आहे.

मी घरी आले आणि कपाटाच्या दारावरचा कागद काढून टाकला.

घर आम्ही विकलं नाही. पण केतकीचा ऑगस्ट मात्र विकावा लागला. शाळा सुटली की तिला पिनरला नलिनीकडे पाठवायचं आणि शेवटचं शेत नांगरून झालं की परत आणायचं, असं ठरलं. नलिनीने कधी एका शब्दाने कुरकुर केली नाही. उलट फोनवर मला चिडवायची, तुझी मुलगी आता माझी झाली, तू आपली पापड्या सांभाळ. तिथे केतकीला पोहायला येऊ लागलं, गुजराती मैत्रिणी मिळाल्या, दातांना तार बसली. दर सप्टेंबरला जरा उंच, जराशी अनोळखी मुलगी गाडीतून उतरायची आणि तिच्या हसण्यातल्या एखाद्या नव्या लकबीचा उगम मला माहीत नसायचा. इकडे मी खिडक्या बंद करून ऑगस्ट काढायचे. पापड्या घालतच राहिले. कोणी विचारलं तर सवय म्हणून सांगायचे. खरं तर ती चादर मला त्या शेतासमोर रोज अंथरून ठेवायची होती.

मग नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कायदा आला. तो आमच्या डिस्ट्रिक्टने केला नाही, पलीकडच्यानेही नाही. लंडनहून सगळ्यांसाठी एकदम आला आणि एका ऑगस्टमध्ये पलीकडे नुसती पिवळी धसकटं उभी राहिली. त्या वर्षी पॅरिशच्या पत्रकात आपल्या गावच्या स्वच्छ हवेबद्दल अभिमानाने लिहून आलं. मिस्टर हॅरप मला गल्लीत भेटले आणि म्हणाले की संध्याकाळी ते पेटलेलं शेत काय सुंदर दिसायचं, तुम्हालाही आठवण येत असेल. मी म्हटलं, येते.

या प्रदेशातली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. पाण्याला हद्द कळत नाही, हे या लोकांना फार पूर्वी कळलं होतं. एकाचं शेत बुडलं की दुसऱ्याचंही बुडणार, म्हणून त्यांनी गावं, डिस्ट्रिक्टं, काउंट्या सगळं बाजूला ठेवून पाण्यासाठी वेगळं बोर्ड केलं, पंप बसवले, नद्या उचलून धरल्या. समुद्रसपाटीखालची जमीन अशी कोरडी ठेवणं हे काही साधं काम नाही. म्हणजे अक्कल होती. एकत्र यायची रीतही होती. पण पाण्याने गहू बुडतो. धुराने एक मुलगी बुडत होती आणि ती पाण्याच्या चुकीच्या बाजूला राहत होती.

कपाटाच्या दारावर आता नवा कागद आहे. त्यावर फक्त माणसांची नावं आणि फोन नंबर आहेत. खात्यांची नावं मी लिहीत नाही.

आज सकाळी चादर घातली. ऊन चांगलं होतं, वारा नैर्ऋत्येचा. पलीकडे कंबाइन फिरत होता आणि त्याच्यामागे धूळ होती, नुसती पिवळी धूळ, ती कालव्यापर्यंतसुद्धा पोचत नव्हती. केतकी यंदा युनिव्हर्सिटीतून सरळ घरी आली आहे, ऑगस्टमध्ये, इतक्या वर्षांनी पहिल्यांदा. धूर थांबल्यावरही ती सवयीने पिनरलाच जायची, मला वाटलं होतं यंदाही तिथेच जाईल. तिला मी विचारलं नाही आणि तिनेही कारण सांगितलं नाही. दुपारी ती अनवाणी पॅटिओवर आली, चादरीच्या कडेला बसली आणि हाताने चाचपून अर्धवट वाळलेली एक पापडी सोडवली. पापडी पांढरी स्वच्छ होती. आरपार तिची बोटं दिसत होती.

तिने ती उजेडात धरली. एका बाजूने बघितली, उलटून दुसऱ्या बाजूने बघितली, आणि छाती भरून श्वास घेऊन फुंकर मारली.

मग दुसरी सोडवली, तीही फुंकली आणि माझ्या हातावर ठेवली.